नातवाची वाट पाहू नये

२०२५ च्या ४ जुलैला नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर बंदरातून ‘रेस्टॉरेशन’ नावाचं एक छोटं शिडाचं जहाज निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं. निरोप द्यायला राजघराणं हजर होतं. दोनशे वर्षांपूर्वी, १८२५ साली, नेमक्या याच तारखांना याच नावाचं जहाज इथूनच तिथे गेलं होतं. नॉर्वेतून अमेरिकेला झालेल्या संघटित स्थलांतराची सुरुवात त्या जहाजापासून मोजतात. २०२५ चं जहाज ही त्याची प्रतिकृती. तेव्हा ५२ माणसं निघाली होती, वाटेत एका मुलीचा जन्म झाला आणि ५३ उतरली, ही गोष्ट त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

सोहळा देखणा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ जहाजाची एक हकिकत अशा सोहळ्यांत नेहमी तळटीपेसारखी येते. न्यूयॉर्कला पोचताच ते जहाज अडकवून ठेवण्यात आलं. अमेरिकन कायद्याने जहाजाच्या टनांवर उतारूंची संख्या ठरवून दिली होती आणि या चिमुकल्या जहाजात तिच्या कितीतरी वर माणसं कोंबलेली होती. भरभक्कम दंड झाला. या लोकांकडे फुटकी कवडी नव्हती. त्यांच्यातले बरेच जण क्वेकर, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथाचे. न्यूयॉर्कच्या क्वेकर मंडळींनी धावपळ केली, अर्ज-विनंत्या झाल्या आणि शेवटी १५ नोव्हेंबर १८२५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी दंड माफ केला. या सगळ्या भानगडीचे कागद सरकारी दप्तरात राहिले. मंडळी कायद्यात बसून मुकाट उतरली असती, तर त्यांच्याबद्दलची ही माहिती आपल्यापर्यंत आलीच नसती.

स्थलांतरितांचा इतिहास असाच राहतो. दंडाच्या पावतीत, चर्चच्या वहीत, विम्याच्या खात्यात, आईला लिहिलेल्या पत्रात. जहाजं, पुतळे आणि वार्षिक मेळे इतिहास साजरा करतात. जपण्याचं काम त्यांच्या हातून होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे : स्कॅन्डिनेव्हियन, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमधून गेलेल्या स्थलांतरितांच्या इतिहासावर समाजाचा आणि सरकारचा जो पैसा खर्च होतो, त्यातला मोठा वाटा जुने कागद वाचू शकणाऱ्या, त्यांची सूची करणाऱ्या पगारी माणसांवर खर्च झाला पाहिजे. आणि हे आत्ता व्हायला हवं. पुढची पिढी हौसेने करेल, या भरवशावर ते सोडता येणार नाही.

या भरवशाला एक भारदस्त आधार दिला जातो. मार्कस ली हॅन्सन हा अमेरिकन इतिहासकार. वडील डॅनिश, आई नॉर्वेजियन. १९३७ साली इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला स्वीडिश-अमेरिकन मंडळींच्या इतिहास संस्थेपुढे त्याने भाषण केलं आणि त्यात एक सिद्धांत मांडला : मुलाला जे विसरायचं असतं, ते नातवाला आठवायचं असतं. दुसरी पिढी आई-बापांच्या बोलीची, कपड्यांची, जेवणाच्या वासाची लाज बाळगते. तिसऱ्या पिढीला ती लाज नसते, म्हणून ती मुळं शोधायला निघते. स्थलांतराच्या अभ्यासात हे वाक्य इतकं रुळलं की आता कुठल्याही मंडळाच्या स्मरणिकेत ते सापडतं.

निरीक्षण चुकीचं नाही, पण ते फार सोयीचं आहे. नातवाला आठवायचं असतं हे कबूल. त्याला ते वाचता येईल का? माळ्यावरच्या पेटीत आजीची साठ पत्रं असतात. भाषा नॉर्वेजियन, तीही पुस्तकी डॅनिश वळणाची आणि मध्येच खोऱ्यातल्या बोलीत घसरणारी. अक्षर जुन्या गॉथिक वळणाचं, जे आज नॉर्वेत वाढलेल्या तरुणालाही शिकल्याशिवाय लागत नाही. कागद वाचवण्यासाठी काही जण पान भरलं की ते आडवं करून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. आपल्याकडे घरातले मोडी कागद ज्यांनी रद्दीत जाताना पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नातू पेटीच्या रंगीत वेलबुट्टीवरची धूळ पुसून ती दिवाणखान्यात ठेवतो. पेटीवर आजोबांचं नाव, साल आणि गावाचं नाव रंगवलेलं असतं, तेवढं त्याला लागतं. पत्रं पुन्हा आत जातात.

भाषा आपोआप गळून गेली असं मानण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. २३ मे १९१८ ला आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं : शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, रेल्वेत, टेलिफोनवर आणि भाषणांत इंग्रजीच वापरायची, ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांनी प्रार्थना घरी करावी. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि रोख जर्मनांवर होता. पण आयोवात डॅनिश आणि नॉर्वेजियन वस्त्या भरपूर, आणि त्यांची चर्चंही त्यांच्याच भाषेत चालणारी. फर्मान त्या डिसेंबरातच मागे घेतलं गेलं. धसका मात्र राहिला. ज्या भाषेत बोललं तर फोनवरचा शेजारी तक्रार करतो, त्या भाषेतली पत्रं कोण आवडीने जपेल? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चर्चची इतिवृत्तं एकामागून एक इंग्रजीत जाऊ लागली. आयोवातल्या डेकोरा गावचं ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १८७४ ला सुरू झालं होतं, ते १९७२ पर्यंत टिकलं. आता त्याचे अंक आहेत, पण एका दमात वाचू शकणारे थोडे.

म्हणून ज्यांनी नातवाची वाट पाहिली नाही, त्यांच्याकडे बघावं. त्याच डेकोरात ल्यूथर कॉलेजने १८७७ मध्ये वस्तू गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा नॉर्वेहून बोटी भरभरून येतच होत्या. कुणालाही ‘वारसा’ वगैरे सुचण्याची ती वेळ नव्हती. लोक जंगल तोडत होते, कर्ज फेडत होते. त्या संग्रहातून आजचं वेस्टरहाइम संग्रहालय उभं राहिलं. दुसरं उदाहरण ओले रोलवाग या कादंबरीकाराचं. नॉर्वेतल्या डोन्ना बेटावर मासेमारी करणाऱ्या घरातला हा मुलगा १८९६ साली अमेरिकेला आला आणि पुढे मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन शिकवू लागला. १९२५ मध्ये तिथे नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था स्थापन झाली, तिचा तो पहिला सचिव. लिहिण्याचं आपलं काम बाजूला ठेवून हा माणूस लोकांकडून पत्रं, डायऱ्या, कात्रणं मागवत असे. प्रकृती तोळामासा. १९३१ साली गेलाच.

आवाजांचंही तसंच. १९३१ मध्ये ओस्लोहून सायप आणि सेल्मर हे दोन भाषातज्ज्ञ अमेरिकेत जाऊन वस्त्यांमधली बोली ध्वनिमुद्रित करून आले. पाठोपाठ आयनार हाउगेनने विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांच्या घरी मुद्रणयंत्र नेलं. हाउगेन स्वतः स्थलांतरितांच्या पोटी आयोवात जन्मलेला. त्यामुळे समोरची म्हातारी पाहुण्याशी बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करतेय, हे त्याला पहिल्या वाक्यात कळायचं. आज ही ध्वनिमुद्रणं ओस्लो विद्यापीठाच्या संग्रहात शोधता येतात, ऐकता येतात. नॉर्वेतल्या काही खोऱ्यांमध्ये पुसट झालेली उच्चारांची वळणं तिथे विस्कॉन्सिनच्या आजोबांच्या तोंडून ऐकू येतात. त्या वेळी हे काम भाषेच्या अभ्यासकाने केलं. इतिहासकार तेव्हा पुढाऱ्यांची चरित्रं लिहिण्यात गुंतले होते.

पत्रांची एक अडचण कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. अमेरिकेतून लिहिलेलं पत्र नॉर्वेत पोचतं, म्हणजे ते नॉर्वेच्या माळ्यावर राहतं. गावाकडून आलेलं उत्तर अमेरिकेतल्या पेटीत. एकाच संवादाचे दोन तुकडे समुद्राच्या दोन काठांना पडून असतात आणि दोन्हीकडच्या वारसांना एकमेकांचा पत्ता नसतो. हे तुकडे जुळवायला दोन्ही देशांच्या संस्थांना एकाच सूचीत काम करावं लागतं. नॉर्वेत हामारजवळ स्थलांतराचं संग्रहालय आहे, स्वीडनमध्ये व्हेक्शोला १९६८ पासून ‘स्थलांतरितांचं घर’ आहे, डेन्मार्कमध्ये ऑलबोर्गला १९३२ पासून दप्तरखाना आहे, आणि तो उभारला शिकागोतल्या मॅक्स हेनियस या डॅनिश रसायनतज्ज्ञाच्या पुढाकाराने. पैसा आणि ओढ पलीकडून आली, कागद अलीकडचे. ही जोडणी भावनेच्या भरात होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं बसून नावं, गावं, तारखा ताडून पाहणारा माणूस लागतो.

त्यातही नावांचा गोंधळ. ओले, लार्सचा मुलगा म्हणून ओले लार्सन. वर ज्या शेतावर राहायचा त्या शेताचं नाव. शेत बदललं की नाव बदललं. अमेरिकेत आल्यावर कुणी वडिलांचं नाव आडनाव केलं, कुणी शेताचं, सख्खे भाऊ दोन आडनावांचे झाले. स्वीडनची बाजू अगदी भक्कम आहे. तिथला पाद्री दरवर्षी घरोघर जाऊन प्रत्येकाची प्रश्नोत्तरी घ्यायचा आणि वहीत लिहायचा : वाचता कसं येतं, धर्मोपदेश किती पाठ आहे, कुठून आला, कुठे गेला. अगदी कंगाल शेतमजुराचीही नोंद त्या वहीत सापडते आणि शेवटी ‘उत्तर अमेरिका’ असं लिहून ओळ संपते. त्यापुढे अंधार. जहाजात चढेपर्यंत ज्याच्या वाचनाची प्रत नोंदली गेली होती, तो शिकागोत उतरल्यावर हजारो जॉन्सनांमधला एक होऊन जातो. गावी पाद्री होता आणि सरकारी चर्च होतं. इथे त्याची नोंद ठेवणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

आणि पत्रं खरं बोलतात असंही नाही. गावी कळवायचं ते गव्हाचा भाव, गाईंची संख्या, मोलकरणीला मिळणारा पगार, इथे पांढरा पाव रोज मिळतो वगैरे. सोबत बरेचदा भावंडाचं आगाऊ काढलेलं बोटीचं तिकीट. दारू, वेड लागलेली शेजारीण, पिकावर पडलेली टोळधाड, बँकेने ओढून नेलेली जमीन, हे कमी. स्वीडिश सरकारला गळती थांबेना तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी चौकशी आयोग नेमला. आयोगाने गेलेल्यांनाच विचारलं, तुम्ही का गेलात? आलेली उत्तरं छापली. त्यात सावकारापेक्षाही गावच्या जमीनदाराचा आणि पाद्र्याचा तोरा जास्त बोचला असं लिहिणारे आहेत, सक्तीच्या लष्करी चाकरीला कंटाळलेले आहेत, मतदानाचा हक्क नाही म्हणून चिडलेले आहेत. नातेवाइकांना लिहिताना माणूस एक सांगतो, सरकारला लिहिताना दुसरं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. आणि जे परत आले त्यांचं काय? गेलेल्या स्वीडिश लोकांपैकी साधारण पाचवा हिस्सा माघारी आला. कीर्ती मात्र जाणाऱ्यांची. परतलेल्यांना कुणी मेळ्याला बोलावत नाही.

इलिनॉयमधल्या बिशप हिल या गावाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एरिक यान्सन या धर्मोपदेशकाने लूथरची पुस्तकं जाळली, स्वीडनच्या चर्चशी वैर घेतलं आणि १८४६ साली अनुयायांसह इथे येऊन सामुदायिक वसाहत वसवली. कुणाचं खासगी काही नाही, सगळं वसाहतीचं. तिथे ओलोफ क्रान्स नावाचा मुलगा १८५० मध्ये आई-वडिलांबरोबर आला. पुढे तो घरं रंगवणारा, पाट्या रंगवणारा झाला आणि म्हातारपणी, वसाहत मोडून चाळीस वर्षं होत आल्यावर, आठवणीतून चित्रं काढू लागला. त्यातल्या एका चित्रात मका पेरणाऱ्या बाया आहेत. क्षितिजापर्यंत सपाट काळी जमीन. दोन टोकांना दोघांनी दोरी ताणून धरलेली, दोरीच्या मागे एका रांगेत बाया उभ्या, प्रत्येकीच्या हातात काठी. दोरीवरच्या खुणेशी भोक पाडायचं, बी टाकायचं, दोरी पुढे सरकते, सगळ्याजणी एक पाऊल पुढे. सगळ्यांचे कपडे जवळपास सारखे, चेहरे नावालाच. बायांकडून किती शिस्तीत आणि किती काम करून घेत होते, हे कुठल्याही कागदापेक्षा त्या ताणलेल्या दोरीत जास्त दिसतं.

पण त्या चित्रांत काय नाही, तेही बघा. १८४९ ची पटकीची साथ नाही. १८५० मध्ये एका अनुयायाशी बायकोवरून झालेल्या वादात कोर्टाच्या आवारात यान्सनला गोळी घातली गेली, ते नाही. पुढे विश्वस्तांनी पैसा बुडवला, ब्रह्मचर्याच्या सक्तीवरून फूट पडली, १८६० च्या सुमारास मालमत्तेची वाटणी झाली आणि कज्जे वर्षानुवर्षं रेंगाळले, तेही नाही. चित्रं संग्रहालयात व्यवस्थित टांगलेली आहेत. पर्यटक चित्रं बघतात, खटल्याच्या फायली कोण उघडणार? गावाचा अभिमान चित्रांत आहे, गावाचं आयुष्य मात्र दोन्हींत मिळून. संग्रहालयाचं तिकीट काढणाऱ्याला फायली वाचायला लावा असं मी म्हणत नाही. फायली वाचून ठेवणाऱ्याला पगार द्या, एवढंच.

अभिमानाच्या हाती इतिहास दिला की काय होतं याचा दाखला मिनेसोटातल्या अलेक्झांड्रिया गावात उभा आहे. १८९८ मध्ये केन्सिंग्टनजवळ ओलोफ ओमान या स्वीडिश शेतकऱ्याला झाड उपटताना मुळांत अडकलेला एक दगड सापडला. त्यावर रून या प्राचीन स्कॅन्डिनेव्हियन लिपीत मजकूर, साल १३६२. म्हणजे कोलंबसाच्या आधी स्कॅन्डिनेव्हियन लोक मिनेसोटात! लिपी आणि भाषेच्या जाणकारांनी तो एकोणिसाव्या शतकातला बनाव असल्याचं दाखवलं, तरी दगडासाठी संग्रहालय झालं आणि गावात एक प्रचंड व्हायकिंग पुतळा आहे, ज्याच्या ढालीवर अलेक्झांड्रिया हे अमेरिकेचं जन्मस्थान असल्याचं लिहिलंय. विनोद म्हणून ठीक. पण या दगडाने ओमानला गिळलं. झाडं उपटत, मुलं वाढवत, जेमतेम शाळा शिकलेला एक स्थलांतरित तिथे कसा जगला, ही खरी गोष्ट होती. लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला : दगड तू कोरलास का?

१९२५ च्या शताब्दीतही हेच झालं. राष्ट्राध्यक्ष कूलिज भाषणाला आले, टपाल खात्याने दोन तिकिटं काढली. दोन सेंटच्या तिकिटावर ‘रेस्टॉरेशन’, पाच सेंटच्या तिकिटावर व्हायकिंग जहाज, आणि त्या व्हायकिंग जहाजावर चक्क अमेरिकेचा झेंडा. सात वर्षांपूर्वी भाषेवरून धमक्या खाल्लेल्या समाजाला आपण पक्के अमेरिकन आहोत हे दाखवायचं होतं, हे समजण्यासारखं आहे. लीफ एरिक्सन हा कोलंबसाच्या आधी अमेरिकेला पोचलेला व्हायकिंग दर्यावर्दी. त्याच्या नावाने अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या दिनासाठीही ९ ऑक्टोबर निवडली गेली ती ‘रेस्टॉरेशन’ पोचल्याची तारीख म्हणून. गरीब क्वेकरांच्या तारखेवर व्हायकिंग सरदार जाऊन बसला. आज त्या दिवशी कुणाला क्वेकर आठवत नाहीत.

आता आक्षेपाकडे येतो. तो मला स्वतःलाही वजनदार वाटतो. स्कॅन्डिनेव्हियन वंशाचे अमेरिकन आज सुखवस्तू गोऱ्या समाजात पूर्ण मिसळले आहेत. त्यांच्या कॉलेजांना देणग्या आहेत, त्यांची संग्रहालयं आहेत. सिअ‍ॅटलच्या नॉर्डिक संग्रहालयाला २०१८ मध्ये नवी इमारत मिळाली. ज्यांचा इतिहास कुणी लिहिलाच नाही त्यांना सोडून सार्वजनिक पैसा यांच्यावर का?

कारण यांच्या कागदांत हेच लोक एकटे नाहीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळू लागली. ती जमीन आली कुठून? मिनेसोटातली बरीचशी १८५१ च्या तहांनी डाकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. तहातले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, उपासमार झाली, १८६२ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. वस्तीवरचे स्वीडिश, नॉर्वेजियन शेतकरी त्यात मारले गेले. २६ डिसेंबर १८६२ ला मँकाटो गावात ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. पुढे नॉर्थ डाकोटात स्पिरिट लेकची डाकोटांसाठी राखीव जमीनही १९०४ पासून बाहेरच्यांना खुली झाली आणि तिथे आलेल्यांत नॉर्वेजियन पुष्कळ होते. ते स्वतः गावाकडे भूमिहीन होते आणि इथे दुसऱ्या भूमिहीन केलेल्यांचे शेजारी झाले. हे शेजारपण कसं होतं? कोण कोणाकडे दूध मागायला जाई, जमीन भाड्याने घेताना किती पैसे ठरत? त्याचं उत्तर सरकारी अहवालात मिळत नाही. ते मिळालं तर एखाद्या नॉर्वेजियन बाईच्या पत्रात मिळेल किंवा डाकोटा घरातल्या तोंडी आठवणीत. ही पत्रं न वाचता ठेवली, तर एका समाजाचं कौतुक तेवढं जपलं जाईल आणि दुसऱ्याचा पुरावा त्याच पेटीत बंद राहील.

गरिबांचं तर आणखी वाईट. सेंट पॉल शहरातल्या एका घळीत, ओढ्याच्या काठी, स्वीड हॉलो नावाची झोपडपट्टी होती. आधी स्वीडिश, मग इटालियन, मग मेक्सिकन कुटुंबं तिथे राहिली. डिसेंबर १९५६ मध्ये शहराने ती अनारोग्यकारक ठरवून रिकामी केली आणि घरं जाळून टाकली. मिनियापोलिसच्या सीडर अ‍ॅव्हेन्यूवर एके काळी स्कॅन्डिनेव्हियन नाटकं आणि नाच व्हायचे. तिथलं १८८६ चं डॅनिया हॉल २००० साली आगीत गेलं. आज त्या भागात सोमाली वस्ती आहे, तिथल्या मशिदीच्या आणि भिशीच्या वह्या आत्ता या क्षणी लिहिल्या जात आहेत. त्या वह्यांचं काय करायचं हे ठरवताना शेजारच्या स्वीडिश वह्यांचं काय झालं हे माहीत असलेलं बरं.

वह्या ठेवायच्या कुठे, हाही प्रश्नच. आजवरचं उत्तर होतं, समाजाने काढलेल्या कॉलेजात. नेब्रास्कात ब्लेअरचं डाना कॉलेज डॅनिश लोकांनी १८८४ मध्ये काढलं, ते २०१० ला बंद पडलं. तिथल्या दप्तरखान्याला गावात दुसरी जागा शोधावी लागली. मिशिगनमधलं फिनलंडिया विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झालं. फिनिश लोक काटेकोर अर्थाने स्कॅन्डिनेव्हियन नव्हेत, पण दुखणं तेच. तिथला संग्रह एका फिनिश-अमेरिकन प्रतिष्ठानाने पैसे उभे करून वाचवला. दोन्ही वेळा निभावलं ते नशिबाने आणि चार माणसांच्या जिद्दीने. लहान कॉलेजं, रिकामी होत चाललेली ल्यूथरन चर्चं, सत्तरीपुढचे सभासद असलेली मंडळं यांच्यावर आणखी पन्नास वर्षं हे ओझं टाकणं धोक्याचं आहे. मूळ कागद समाजाच्या संस्थेत राहू देत, पण सूची आणि प्रती राज्याच्या इतिहास संस्थेकडे असल्याच पाहिजेत. मिनेसोटाच्या मतदारांनी २००८ मध्ये घटनादुरुस्ती करून विक्रीकरात ०.३७५ टक्क्यांची भर घातली, तीही २५ वर्षांसाठी; तिच्यातला १९.७५ टक्के वाटा कला आणि सांस्कृतिक वारशाला जातो. २०३४ मध्ये मुदत संपेल. तोवर या पैशातून जत्रा किती भरवल्या आणि पानं किती वाचून झाली, याचा हिशोब लोकांनी मागायला हवा.

यंत्र वाचेल की, असं हल्ली कुणीही म्हणतं. वाचतंही. जुनं हस्ताक्षर ओळखणारी सॉफ्टवेअर बरीच पुढे गेली आहेत आणि सूचीचं निम्मं कष्टाचं काम ती हलकं करतील. पण पत्रातली ‘मोठी आन्ना’ कोण आणि ‘ती गोष्ट’ म्हणजे कुठली, हे कुटुंबातलं कुणीतरी हयात असेतोच विचारता येतं. घरचं धुणं चव्हाट्यावर येईल, अशी भीती घरच्यांना असते आणि ती खोटी नाही. त्यावर दप्तरखान्यांकडे जुना उपाय आहे : अमुक वर्षं उघडायचं नाही, अशी अट घालून देणगी घेतात. पन्नास वर्षं सीलबंद ठेवा, पण जाळू नका.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण आता वेगळं सांगायला नको. १९२४ च्या ज्या कायद्याने स्कॅन्डिनेव्हियन लोकांना ठरावीक कोटा दिला, त्यानेच आशियातल्यांना दार बंद केलं. ते दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने. त्यानंतर गेलेल्या मराठी इंजिनियर-डॉक्टरांची पहिली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ ची. म्हणजे आपण आत्ता तिथे आहोत जिथे रोलवाग १९२५ मध्ये होता. मी जवळून पाहिलेल्या एका मंडळाची पहिल्या काही वर्षांची इतिवृत्तं माजी खजिनदारांच्या बेसमेंटमध्ये होती. थंडीत पाइप फुटला आणि ती लगद्यासारखी झाली. गणपतीची सजावट वरच्या मजल्यावर होती, ती वाचली.

आनंदीबाई जोशींचं फिलाडेल्फियातल्या वैद्यक महाविद्यालयाला लिहिलेलं १८८३ चं अर्जाचं पत्र आजही वाचता येतं, कारण त्या कॉलेजने आपली रोजची कार्यालयीन कागदपत्रं टाकून दिली नाहीत. २००८ मध्ये सुरू झालेला दक्षिण आशियाई अमेरिकनांचा एक डिजिटल दप्तरखाना आज त्याच शहरातून चालतो. तो मूळ कागद मागत नाही. स्कॅन करून परत देतो. त्यामुळे आजोबांची डायरी द्यायला नातेवाईक कचरत नाहीत. त्यात मराठी कागद जावेत यासाठी कुणाला नवी संस्था काढावी लागणार नाही. देवनागरी हस्ताक्षर वाचून इंग्रजीत चार ओळींचा सारांश लिहिणारी दोन-तीन माणसं लागतील, आणि त्यांना पगार द्यावा लागेल.

बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दोन वर्षांनी एकदा भरतं. मुंबईहून नट-गायक येतात, हॉल भरतो, जेवणाला रांगा लागतात. पुढच्या अंदाजपत्रकात त्यातल्या एका संध्याकाळचा कार्यक्रम कमी करून ती रक्कम अशा एका माणसाच्या वर्षभराच्या पगाराला द्यावी. नाटक गेलं म्हणून दोन सभासद रागावतील. त्यांच्याही घरी पत्रांची एखादी पेटी असेल; तीच पहिल्यांदा वाचायला घ्यावी.